एकातून पहिला

विमानं गेली, धावपट्टी राहिली.
नेब्रास्काच्या मक्यात लांबलचक राखाडी पट्टा,
भेगाभेगांतून गवत,
आणि मे महिन्यातल्या रविवारी सकाळी सातला
तिच्यावर दोनशे नारिंगी शंकू
नि हातात खडू घेऊन मी.

माझं काम साधं.
चाकाशी गुडघे टेकायचे,
टायरच्या कुशीवरची धूळ अंगठ्याने पुसायची
आणि झिजेचा आकडा शोधायचा.
दोनशे किंवा वर: गाडी रस्त्याच्या वर्गात.
त्याखाली उतरला की वरच्या वर्गात,
जिथल्या गाड्यांना मागची सीट नसते
आणि मालकांना दयामाया.

गाडी तीच असते.
इंजिन तेच, माणूस तोच,
काचेखाली उन्हाने वितळलेली पेपरमिंटची गोळीही तीच.
चार ठिकाणी जमिनीला टेकणारं
तळहाताएवढं रबर ठरवतं
आज तुझी बरोबरी कुणाशी.

ऑरिन क्रुस्का आणि वेंडेल टाइस
अकरा वर्षं एकाच वर्गात.
दोन्ही दारांवर निळ्या टेपचं एकच अक्षर.
ऑरिन बियाण्यांच्या गोदामात हिशेब लिहितो.
वेंडेल शाळेची बस चालवतो,
आठवडाभर, दर थांब्यावर थांबत.
अकरा वर्षांत ऑरिन एकदाही पुढे नाही.
कधी सहा शतांश, कधी अकरा,
एकदा तर फक्त एक.
एवढ्यात पापणीही मिटत नाही, वेंडेल म्हणाला,
आणि त्या दिवशी ऑरिनने
थर्मासमधली कॉफी त्याला विचारली नाही.

या मे महिन्यात ऑरिनचे टायर नवे.
मी धूळ पुसली. शंभर.
"वाचलंस ना, ऑरिन?"
"वाचूनच घेतले."
मऊ होते. नख रुतलं.
तळावरून इथवर येताना
वाटेतले खडे उचलून आणले होते त्यांनी.
दहा-बारा रविवार, मग संपणार.
ज्याला संपायची घाई
तेच जमिनीला असं घट्ट धरतं,
हे नियमपुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

मी दारावरची टेप सोलली.
आत अकरा वर्षं न उडालेला लाल रंग,
त्याच अक्षराच्या आकाराचा.
नवं अक्षर त्यावर नीट बसेना.

धावला मात्र असा
की शंकू हललेसुद्धा नाहीत.
वेंडेलपेक्षा दोन सेकंद कमी, वर काही शतांश.
वेंडेल तेव्हा तिसऱ्या वळणावर
पडलेले शंकू उचलायच्या पाळीवर होता,
लाल झेंडा काखेत धरून त्याने टाळ्या वाजवल्या.
मनापासून.
ते दोन सेकंद त्याच्या वर्गातले नव्हतेच,
त्याला कुठून लागणार.

लिंकनहून येणाऱ्या दोन गाड्या आल्या नाहीत.
संध्याकाळी निकालाचा कागद कुंपणाला लावला,
ऑरिनच्या वर्गात एकच ओळ.
पहिला: क्रुस्का, ऑ.
शेवटचा कोण, ते लिहायची पद्धत नाही.
कप दिला आम्ही. त्याने त्यात चाकाचे नट टाकले
आणि वेंडेलच्या वर्गातली सहा नावं
खालून वर वाचत उभा राहिला,
वारा कागद फडफडवत होता, तो एका हाताने धरून.

जूनमध्ये पुन्हा गुडघे टेकले.
दोनशे. कडक, जुने, बाहेरच्या कडेला खाल्लेले.
"ते मऊ कुठे गेले?"
"गॅरेजात. मांजर झोपतं त्यात."
टेप त्यानेच आणली होती.
जीभ दातांत धरून, वाकून,
त्या लाल आकारावर
त्याने अक्षर बरोबर बसवलं.

चार शतांशांनी हरला.

वेंडेल काही बोलायच्या आत
त्याने थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली,
त्याच्यापुढे धरली आणि विचारलं,
शेवटच्या वळणाला ब्रेक नेमका कुठे सोडतोस?

वेंडेलने सांगितलं.
बोटाने हवेत काढूनही दाखवलं.
खोटंच सांगितलं असणार.